बारशाच्या दिवशीची पानं

पानं माणसांसारखी भांडायची, तेव्हाची गोष्ट. इंदूकाकूंच्या नातीचं बारसं होतं. पंगतीत केळीचं एकच पान उरलं होतं. शेजारी तबकात विड्याचं पान होतं आणि पाटावर उघडं पंचांग.

पंचांगाचं पान फडफडलं, "खरं पान मीच! बाळाच्या नावाचं अक्षर माझ्यावर बघितलं."

"तू तर कागद! माझ्याशिवाय विडा होतो का?" विड्याचं पान म्हणालं.

केळीचं पान रागानं गुंडाळूनच बसलं. "या दोघांनी आमचं नाव सोडल्याशिवाय मी भात घेणार नाही."

तेवढ्यात दारात कल्हईवाले धोंडूमामा आले. काकू हरखल्या. "या मामा, वेळेवर आलात! सूनबाई, मामांचं पान मांड गं."

सुनेनं केळीचं पान उलगडून पाहिलं, पण ते आपोआप पुन्हा गुंडाळलं. मग तिनं पितळेचं ताट मांडलं आणि त्यावर वाफाळता भात वाढला.

तिन्ही पानं ताटावर ओरडली, "अहो, तुम्ही कुठल्या झाडाचे? तुम्ही कसलं पान?"

"ते मागाहून ठरवा," ताट म्हणालं. "आधी मामांना जेवू द्या."

केळीचं पान हळूच उलगडलं. "काकू," ते म्हणालं, "दारात अजून कुणी आहे का हो?"