कॅमेऱ्याचं झाकण

मोबाइलचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून अच्युतरावांकडे एक रोलचा कॅमेरा होता. कित्येक वर्षं कपाटात पडून राहिलेल्या त्या कॅमेऱ्यात एके दिवशी त्यांनी नवा रोल भरला. म्हाताऱ्या अंबूआत्याने खास लग्नातली नथ घातली, अंगणात खुर्ची टाकली आणि फोटो निघाला.

"दाखव बघू कसा आलाय," आत्या म्हणाली.

अच्युतरावांनी मोबाइलच्या सवयीने कॅमेरा उलटा करून पाहिला. मागे काहीच दिसेना, म्हणून त्यांनी झाकणच उघडलं. भसकन ऊन आत शिरलं आणि आत्याचा फोटो रोलसकट गेला.

"अहो, काय केलंत हे!" कॅमेरा कडाडला. "माझ्यावरच शिकलात ना? मग एवढंही विसरलात?"

खिशातला मोबाइल हसला. "मी तर लगेच दाखवतो. तू लपवतोस कशाला?"

"लपवतो? मी?" कॅमेरा आणखीच भडकला. "अरे, रोल धुऊन होईपर्यंत त्याला उजेड सोसत नाही! इतक्या माणसांचे चेहरे माझ्या पोटात राहून गेले, पण मी स्वतः एकदाही डोकावलो नाही!"

अच्युतरावांनी दुसरा रोल भरला. आत्याने नथ सारखी केली. या वेळी फोटो निघाल्यावर "दाखव की!" म्हणाला, तो फक्त मोबाइल.