करंजवणीच्या चावडीला दार का नाही

करंजवणीत शिरलं की पिंपळाच्या पाराशेजारी दगडी चावडी लागते. चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. नव्या माणसाला वाटतं, दार मोडलं असेल, गाव बसवून घेईल कधीतरी. गावातले जाणते पाव्हण्याला आधी त्या चौकटीपाशी उभं करतात आणि मग भिवरा कुंभारणीची गोष्ट सांगतात.

किती वर्षं झाली, ते कुणालाच नेमकं ठाऊक नाही. हैबतराव पाटलाच्या अमदानीतली गोष्ट, एवढं मात्र सगळे सांगतात. तेव्हा चावडीला सागाची जाडजूड दारं होती. पाटील आणि चार मानकरी आत बसत, दार लोटून घेत, आणि बाहेर येत ते गावाचं ठरवूनच.

भिवरा विधवा होती. ओढ्याकाठी कुंभारांची सहा घरं होती, त्यातल्या शेवटच्या घरात ती आणि तिचा आंधळा सासरा शिदबा, अशी दोघंच राहत. शिदबानं उभा जन्म त्या ओढ्याची माती काढली होती. डोळे गेले तरी पाण्याच्या आवाजावरून ओढा कुठवर चढलाय ते तो सांगायचा. भादव्यात ओढा फुगला की पलीकडच्या गायरानात पसरायचा आणि चार दिवसांनी निमूट माघारी जायचा. कुणाचं काही बिघडत नसे.

एका उन्हाळ्यात पाटलाच्या मनात आलं की गायरानाच्या कडेनं बांध घालावा आणि आतल्या गाळाच्या जमिनीत मळा करावा. चावडीचं दार लागलं, उघडलं, आणि दवंडी पिटली गेली. शिदबानं दवंडी ऐकली आणि हातातली भाकरी खाली ठेवली.

"सूनबाई, वड्याला पसराय जागा लागती," तो म्हणाला. "गायरान बंद केलं तर त्यो आपल्या चुलीवर येनार. जा, सांग त्यास्नी."

भिवरा गेली. दारावर पाटलाचा गडी नारू बसलेला. "आत बैठक हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेली, तेच. तिसऱ्या दिवशी तिनं दारावर थाप मारली आणि बाहेरूनच ओरडून सासऱ्याचा निरोप सांगितला. आतून कुणीतरी म्हणालं, "तिला म्हनावं, मडकी घडव," आणि हसणं ऐकू आलं. ते हसणं तिच्या कानातून पुढं कधीच गेलं नाही, असं सांगतात.

बांधासाठी घरटी एक माणूस द्यायचा होता. कुंभारवाड्यालाही चुकलं नाही. जो बांध आपलं घर बुडवणार, त्याची माती भिवरानं आपल्या डोक्यावरून वाहिली. पाटी रिकामी करताना दर खेपेला ती पाटलाकडं बघायची. पाटील छत्रीखाली उभा असायचा. त्याची नजर तिच्याकडं एकदाही वळली नाही.

भादव्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ओढा बांधाला धडकला, वळला आणि कुंभारवाड्यात घुसला. सहाही घरं बसली. चाकं, कच्ची मडकी, भट्टीसाठी रचलेलं लाकूड सगळं वाहून गेलं. भिवरा शेजारच्या पोरांना वरच्या चढावर पोचवून परतली, तोवर घराची मागची भिंत आत आली होती. शिदबा मधल्या लाकडी मेढीला मिठी मारून उभा होता. तिनं हाक मारली, त्यानं आवाजाकडं तोंड वळवलं, आणि मेढीसकट तो गेला. पाणी उतरल्यावर खालच्या बाभळीत सापडला.

गायरानात पाण्याचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी अग्नी द्यायचा तर सरणाला लाकूड नाही. ओढ्याकाठी काडीसुद्धा कोरडी उरली नव्हती. गावात पाटलाच्या गोठ्यात सरपण रचून ठेवलेलं, पण पाटलाच्या शब्दाशिवाय ते कोण देणार? कुंभारांनी तिरडी उचलली आणि चावडीसमोर आणून ठेवली. दार लागलेलं होतं.

"आत बैठक हाय," नारू खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या कुंभारवाड्याचाच इषय चाललाय."

"आमचा इषय," भिवरा म्हणाली, "आन आमी भाईर?"

"ठरलं की सांगत्याल."

सकाळ सरली, ऊन डोक्यावर आलं. सहा घरची माणसं प्रेताभोवती उभी होती, शिदबाच्या तोंडावर माश्या बसत होत्या आणि भिवरा त्या पदरानं हाकत होती. दाराआडून शब्द ऐकू येत होते. कुंभारांना वरच्या खडकाळ माळावर हलवायचं, असं चाललं होतं. कुणीतरी विचारलं, तिथं पाणी कुठलं? पाटलाचा आवाज आला, "आनतील डोक्यावरनं. सवय हाय त्यास्नी."

भिवरानं पदर खोचला. लाकडं फोडायला आणलेली कुऱ्हाड तिरडीशेजारी पडली होती. ती तिनं उचलली आणि दार ज्या खुंटावर फिरतं तिथं पहिला घाव घातला. आवाज साऱ्या गावात गेला. नारू बाजूला झाला. त्याला कुणी ढकललं नाही, तो आपण होऊन झाला, हे सांगायला गावकरी विसरत नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या घावाला एक फळी सुटली आणि आतली पाच माणसं उजेडात डोळे मिचकावत बसलेली दिसली. पानाचं तबक मधे होतं.

"कुंभारनी, हात आवर!" पाटील गरजला. "शंभर वर्सांची दारं हायती ती!"

"माजा सासरा ऐंशी वर्सांचा व्हता," भिवरा म्हणाली आणि दुसऱ्या दाराला भिडली.

दोन्ही दारं खाली पडली. पाटलानं माणसांना हाका मारल्या, पण ती यायच्या आत कुंभारवाड्यातल्या बायांनी दारं खांद्यावर घेतली होती. ओढ्याकाठी सरण रचलं गेलं. पाटील माणसं घेऊन पोचला तेव्हा शिदबा त्या सागावर निजला होता आणि जाळ धरला होता. पेटलेल्या चितेतून लाकूड ओढायला एकाचाही हात पुढं झाला नाही.

भिवरानं चितेकडं हात केला. "ही आग साक्षी हाय. त्या चौकटीत पुन्यांदा दार बसवाल, तर त्याआड ठरलेला एक सबूद ह्या गावाला लागू व्हनार न्हाई."

पाटलानं दार बसवायचा प्रयत्न केला म्हणे. लखू सुताराला तीनदा माप घ्यायला लावलं, तीनदा दार घडवलं, तीनदा ते चौकटीत बसलं नाही. आगीच्या शपथेनं चौकट फुगायची, असं गाव मानतं. सुतारआळीत मात्र हसून सांगतात की आमच्या लखूआज्याची फूटपट्टी त्या साली बिघडली होती.

शिदबाच्या चितेनंतर तिसऱ्या दिवशी सगळं गाव चावडीपुढं जमलं. आता आतलं सगळं दिसत होतं आणि बाहेरचं सगळं ऐकू जात होतं. पाटील सवयीनं गादीवर बसू लागला. भिवरा उंबऱ्याबाहेर उभी होती. ती म्हणाली, "माजा सासरा सकाळधरनं तुमच्या दारात पडला व्हता आन आमी उभं व्हतो. आता माजं बोलून हुईस्तवर तुमी उभं ऱ्हायाचं."

पाटील गावाकडं बघत राहिला. गाव त्याच्याकडं बघत राहिलं. तो उठला. मग मानकरी उठले. भिवरा ऊन कलेपर्यंत बोलली. ओढ्याची वळणं, कुणाची जमीन कशी बुडते, शिदबानं पाठवलेला निरोप, ते हसणं, एकही गोष्ट तिनं सोडली नाही. दुसऱ्या दिवशी ज्या पाट्यांनी बांध घातला होता त्याच पाट्यांनी गावानं तो फोडला.

पाटलानं पुढं तिच्याकडं लुगडं-चोळी पाठवली. तिनं ती नारूच्याच हाती परत केली. तिनं कधी माफ केलं नाही, आणि गावानंही तिला तसं सुचवलं नाही.

आजही करंजवणीत रस्ता, टाकी, गटार काहीही करायचं असलं तर आधी सगळे मिळून ती जागा चालून बघतात. मग ज्याच्या घराला त्या कामाचा धक्का लागणार, तो चावडीपुढं पहिला बोलतो. त्याचं होईपर्यंत सरपंचासकट कुणीही बसत नाही. मागच्या साली एक साहेब रस्त्याचा नकाशा घेऊन आले होते. रस्ता कुंभारवाड्यातल्या पाच घरांमागच्या परड्यांवरून जात होता. रखमाक्का कुंभारीण बोलायला उभी राहिली. तासाभरानं साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बसून बोलूया का?"

"म्या अजून पयल्याच परड्यात हाय," रखमाक्का म्हणाली. "नकाशा नीट धरा."