वाटमाऱ्या कोल्ह्याचा पोवाडा

इंग्लंडात घोडागाड्या धावायच्या त्या काळी, तिथल्या एका रानातल्या हमरस्त्यावर एक कोल्हा वाटमारी करायचा. भेटेल त्याला लुटायचा. गरीब-श्रीमंत असा भेदभाव त्याने कधी केला नाही. आपल्यावर पोवाडा व्हावा अशी मात्र त्याला भारी हौस. त्याने जत्रेत गाणाऱ्या मैनेला चीजचा तुकडा दिला.

"गा की, मी श्रीमंतांना लुटतो आणि गरिबांना वाटतो."

"खरंच वाटतोस?"

"गाण्यात वाटायला काय जातंय?"

पोवाडा गाजला. दुसऱ्याच सकाळी कोल्ह्याच्या बिळापुढे रांग! ससे, उंदीर, एक लंगडं बदक, सगळ्यांच्या हातात पिशव्या.

"कोल्होबा, वाटप किती वाजता?"

नाही म्हणावं तर पोवाडा खोटा पडणार. कोल्ह्याने दात-ओठ खात चीज वाटलं, अक्रोड वाटले, न्याहारीचं अंडंही गेलं. आठवडाभरात त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. तो मैनेकडे धावला.

"बाई, खरं ते गा! मी साधा चोर आहे. कधी कुणाला दाणासुद्धा दिलेला नाही!"

मैनेने जत्रेत अगदी तसंच गायलं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले.

"एवढं देतो, पण बोलून दाखवत नाही हो!" सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली.