बांधावरच्या काटक्या

एका जंगलातल्या ओढ्याकाठी एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. उन्हाळ्यात ओढा आटला की सगळ्या प्राण्यांना पाण्यासाठी डोंगरापलीकडे जावे लागे. पिल्ले अजून तेवढे चालू शकत नव्हती. म्हणून तिने डोहाच्या तोंडाशी दगडमातीचा बांध घालायला घेतला. पाणी सगळ्यांचे, तेव्हा ज्याला वाटेल त्याने हात लावावा, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण कोणी फिरकले नाही. येताजाता कोणी विचारलेच तर ती एवढेच म्हणे, "चाललंय." आणि गळणाऱ्या जागा दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर ओली पाने पसरून ठेवी.

फाल्गुनात ओढ्याची धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक झाली आणि डोह रोज थोडा थोडा उतरू लागला. एके सकाळी ती खेकड्याला म्हणाली, "इतक्यांदा इथून जातोस, एक दगड तरी लावायचास."

"मावशी, बांध कधीच झाला असं मी धरून चाललो होतो," खेकडा म्हणाला. तिने पाने बाजूला केली. खेकडा बघतच राहिला. "एवढी भोकं? आणि आम्हाला सांगतेस, चाललंय?"

पाणमांजरीने त्याच दिवशी सगळी पाने काढून टाकली. जिथे गळत होते तिथे एकेक वाळकी काटकी रोवली. जिथे कोणाचे काम सुरू असेल, तिथल्या काटकीला शिंपला अडकवायचा आणि जागा बुजली की काटकी लगेच उपटायची, असे तिने ठरवले. रोज सकाळी पाण्यावर आलेल्यांना ती सांगू लागली, "काल दोन जागा बुजल्या, नऊ उरल्या. उजवीकडे चिकणमाती हवी, ती मला एकटीला आणता येत नाही."

"हा बांध आहे की कुंपण?" झाडावरून माकड हसले. पाणमांजरीचे कान तापले. निदान चार काटक्या उपटाव्यात असे तिला वाटले, पण तिने त्या तशाच ठेवल्या.

दुपारी रानडुक्कर आले. "चिकणमाती ना? मी तिच्यातच लोळतो. कुठे टाकू ते दाखव." खेकड्याने तळाची काटकी निवडली. "भोकं पाडण्यात माझा जन्म गेला, बुजवणंही जमेल," तो म्हणाला. चौथ्या दिवशी माकडही दगड घेऊन खाली उतरले आणि कोणाकडे न बघता कामाला लागले.

वैशाखात ओढा थांबला. डोह मात्र काठोकाठ होता आणि पिल्ले त्यात सूर मारत होती. त्या सकाळी पाणमांजरीला बांधावर एक काटकी दिसली. ती तिने रोवलेली नव्हती. शेजारी रानडुक्कर चिखल थापत होते.

"इथे नवी गळती लागली होती," ते म्हणाले. "शिंपला लावलाय बघ. तू पिल्लांकडे जा."

तात्पर्य : काम कुठवर आले आणि कुठे अडले हे जो उघडपणे सांगतो, त्याच्या कामाला हात लावणारे मिळतात.