भुईचाफा फुलत नाही!

एक होती मधमाशी. एवढीशी! तिचं नाव टिचकी. टिचकीला लागली भूक. पोटात गुडगुड गुडगुड! ती निघाली बागेत, भुईचाफ्याकडे. भूंऽ भूंऽ भूंऽ!

बघते तर काय? भुईचाफा गायब! पान नाही, फूल नाही. तिथे एक पालथं घमेलं, आणि त्यावर बसलेले नाना आजोबा! थंडीत पानं वाळली, तेव्हा नाना म्हणाले होते, "गेलं हे रोप!" आणि त्यावर घमेलं पालथं घालून खुशाल बसायला लागले होते.

घमेल्याखालून आवाज आला, "टिचके, मी आहे की! झोपलो होतो. आता जागा झालो. घमेलं हललं तर मी फुलेन."

"घमेल्या घमेल्या, हल ना!
भुईचाफा फुलत नाही,
माझ्या पोटात थेंब नाही!"

घमेलं म्हणालं, "अंहं! माझ्यावर नाना बसलेत. नाना उठले तर मी हलेन."

भूंऽ भूंऽ भूंऽ!

"नाना नाना, उठा ना!
घमेलं हलत नाही,
भुईचाफा फुलत नाही,
माझ्या पोटात थेंब नाही!"

नाना म्हणाले, "शूऽऽ! मांडीवर माझी नात रेवू निजलीय. रेवू उठली तर मी उठेन."

भूंऽ भूंऽ भूंऽ!

"रेवू रेवू, ऊठ ना!
नाना उठत नाहीत,
घमेलं हलत नाही,
भुईचाफा फुलत नाही,
माझ्या पोटात थेंब नाही!"

रेवूने एकच डोळा उघडला. "अंहं! पोटावर बोका आहे. बोका उतरला तर मी उठेन."

भूंऽ भूंऽ भूंऽ!

"बोक्या बोक्या, उतर ना!
रेवू उठत नाही,
नाना उठत नाहीत,
घमेलं हलत नाही,
भुईचाफा फुलत नाही,
माझ्या पोटात थेंब नाही!"

बोका म्हणाला, "म्यांव! पाठीवर कोंबडीचं पिल्लू आहे. पिल्लू उतरलं तर मी उतरेन."

भूंऽ भूंऽ भूंऽ!

"पिल्ला पिल्ला, उतर ना!
बोका उतरत नाही,
रेवू उठत नाही,
नाना उठत नाहीत,
घमेलं हलत नाही,
भुईचाफा फुलत नाही,
माझ्या पोटात थेंब नाही!"

पिल्लू म्हणालं, "चिव चिव! आधी बोका!"

बोका म्हणाला, "आधी पिल्लू!"

"आधी बोका!"

"आधी पिल्लू!"

आता मात्र टिचकी चिडली. गरगर गरगर फिरली. फिरून फिरून तिला आली घेरी, आणि ती पडली थेट पिल्लाच्या चोचीवर. टप्प!

पिल्लू शिंकलं, "आऽऽक् छी!"

मग काय विचारता!

पिल्लू घसरलं,
बोका उडाला,
रेवू उठली,
नाना उठले,
घमेलं हललं, ठण् ठण् ठणाण!

आणि मातीतून वर आलं फूल. पान नाही, काही नाही, नुसतं फूल! पांढरं पांढरं, जांभळं जांभळं!

नाना म्हणाले, "अरेच्चा! मला वाटलं, हा गेला!"

रेवू म्हणाली, "नाना, तो झोपला होता! आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बसलात!"

"चुकलंच बाई माझं!" म्हणत नानांनी कान पकडले.

टिचकीला ऐकायला कुठला वेळ? ती शिरली फुलात. चुर्र चुर्र चुर्र!

टिचकीचं पोट भरलं,
आपलं बोलणं सरलं!