उलट्या गाठीची पेंढी

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात कुंदाबाई नावाच्या एक मास्तरीणबाई राहायच्या. बाई हुशार होत्या, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

गावची जमीन काळीभोर. गहू असा यायचा की बघत राहावं. पण तो कापायला-सोंगायला गावात माणूस मिळायचं नाही. मग दर फाल्गुनात डोंगरावरच्या वाडीतून टोळी खाली यायची. बारा बायका आणि त्यांचे नवरे. बायका गहू सोंगायच्या, गव्हाच्याच काड्यांचा पीळ करून पेंढ्या बांधायच्या. पुरुष त्या खळ्यावर नेऊन टाकायचे. महिना-दीड महिना टोळी शेतातच पालं ठोकून राहायची आणि धान्याची पोती घेऊन परत डोंगर चढायची. त्या धान्यावर वाडीतली पावसाळ्याची चूल पेटायची.

टोळीत कुणाला घ्यायचं ते रंभाजी मुकादम ठरवायचा. माघ महिन्यात तो वाडीवर जायचा. ज्या घराला काम द्यायचं, त्या घरच्या बाईच्या हातावर सुपारी ठेवायचा. सुपारी मिळाली की काम पक्कं. नाही मिळाली तर त्या घरानं पावसाळाभर रानातले कंद उकरायचे. रंभाजीला कुणाशी भांडावं लागत नसे, कुणाला शिवी द्यावी लागत नसे. एखाद्या दारासमोरून न थांबता तो पुढं गेला, की त्या घराला सगळं कळायचं.

एका वर्षी तालुक्याच्या कॉलेजानं ठरवलं, की हे हंगामी मजूर कसे राहतात, काय खातात, कशानं आजारी पडतात, याची नीट पाहणी करायची आणि अहवाल पंचायतीपुढं ठेवायचा. काम कुंदाबाईंकडं आलं. बाई वही घेऊन शेतात गेल्या. आठ दिवस त्यांना एकच उत्तर मिळालं, "बरं चाललंय."

दुसरी कुणी असती तर 'बरं चाललंय' असं लिहून मोकळी झाली असती. कुंदाबाईंनी वही बाजूला ठेवली, पदर खोचला आणि पेंढ्या बांधायला बसल्या. त्यांची प्रत्येक पेंढी उचलताच सुटायची. बायका हसून हसून बेजार झाल्या. हसता हसता बोलू लागल्या.

त्यांना बांधायला शिकवलं चांगुणानं. चांगुणा डावरी होती. तिची गाठ इतरांच्या उलट बाजूला बसायची, पण अशी घट्ट की पेंढी बांधावरून फेकली तरी सुटायची नाही. एक दिवस तिनं हातातलं काम थांबवून विचारलं, "बाई, तू हे लिहितेस ते कोण वाचणार?"

"गावातली शहाणी माणसं."

"त्यात मुकादम बसतो का?"

कुंदाबाई म्हणाल्या, "मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. शब्द देते."

"शब्द दिलास ना? मग ऐक आता," चांगुणा म्हणाली. "विहीर दोन शेतं सोडून पलीकडं. जाण्यायेण्यात वेळ मोडतो म्हणून मुकादम तिकडं जाऊ देत नाही. आम्ही बैलांच्या हौदातलं पाणी पितो. माझी धाकटी तीन दिवस ओकत होती. उन्हात भोवळ आली तरी बांधावर टेकू देत नाही. बस, एवढंच आहे. पण मी सांगितलं असं कळलं, तर माझ्या दारात सुपारी यायची नाही."

त्यानंतर एकेक करून बाराही जणी बोलल्या. कुंदाबाईंनी सगळं लिहून घेतलं. शब्द दिल्याप्रमाणं वहीत नावाऐवजी आकडे घातले. कुठल्या आकड्याची कोण, तो कागद वेगळा केला. वही आणि कागद ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. एवढं केल्यावर बाईंना शांत झोप लागली.

हंगाम सरला. टोळी डोंगर चढून गेली. बाई अहवाल लिहायला बसल्या. चार पानं झाली असतील नसतील, तोच रंभाजी मुकादम पायलीभर नवे गहू घेऊन दारात हजर. बोलायला तो साखरेसारखा गोड.

"बाई, आमच्या माणसांवर तुम्ही लिहिताय. आम्हालाही दोन ओळी ऐकवा की."

आता इथं बाईंची हुशारी आडवी आली. नाव तर कुठंच नव्हतं. शिवाय पेंढ्यांवरचं पान त्यांना इतकं झकास जमलं होतं की कुणालातरी वाचून दाखवायला जीव नुसता आसुसला होता. आणि ते पान तसं निरुपद्रवी. त्यांनी वाचलं, "एक बाई अशी गाठ मारते की ती इतरांच्या उलट बाजूला बसते, आणि काही केल्या सुटत नाही."

रंभाजी खो खो हसला. "ही आमची चांगुणा! अख्ख्या शिवारात डावरी तेवढी एकच. खळ्यावर हजार पेंढ्या पडल्या तरी तिची मी लांबून ओळखतो. नाव कशाला हवं?"

बाईंनी हातातले कागद झटकन मिटले. कारण पुढच्याच पानावर हौदातल्या पाण्याची हकीकत होती, आणि ती सांगणारी कोण? 'तीच उलटी गाठ मारणारी बाई.' असं त्यांनीच मोठ्या हौसेनं लिहून ठेवलं होतं.

रंभाजीनं हात पुढं केला. "द्या की पुढचं. मी वाचतो."

"नाही."

"का बरं? नावं तर नाहीत म्हणता."

"नावं नाहीत, पण माणसं आहेत. देणार नाही."

रंभाजीचा आवाज बदलला. "पुढच्या सालाला आमच्या शेतात पाय ठेवायचाय ना बाई?"

"ठेवायचाय. तरीसुद्धा देणार नाही."

तो गेला. बाईंनी त्याचे गहू त्याच्या मागोमाग परत पाठवले. मग दार लावून बसल्या. त्यांना स्वतःचा इतका राग आला होता की घास गिळवेना. ट्रंकेला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली, आणि चांगुणाला नेऊन दिली मुकादमाच्या हातात. ते एक पान त्यांनी वाचून दाखवलं नसतं, तरी छापून आल्यावर हेच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई डोंगर चढू लागल्या. वाट चार कोसांची. चांगुणा अंगणात नाचणी पाखडत होती. बाईंनी काही न लपवता तिला सगळं सांगितलं.

चांगुणानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तो राखता आला नाही. आता राखते. कसा राखू ते तुम्ही सांगा."

"आम्हाला वाचून दाखव. आम्ही ओळखलं तर मुकादमही ओळखणार. आम्हाला ओळखता आलं नाही, तर त्याचा बापसुद्धा ओळखायचा नाही."

पण या वेळी बाई शहाण्या झाल्या होत्या. आधी त्या दारोदार गेल्या आणि एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं बोलणं साऱ्याजणींसमोर वाचलेलं चालेल का? अकराजणी हो म्हणाल्या. फशीबाई म्हणाली, "नको बाई. माझं काढूनच टाक. मला भ्या वाटतं." फशीबाईचं पान अहवालात सगळ्यात उजवं होतं. बाईंनी तिच्यासमोर ते फाडलं आणि तुकडे तिच्याच हातात दिले.

मग वाचन सुरू झालं. 'पाठोपाठ तीन मुली झालेली एक जण,' बाईंनी वाचलं. "ही हिरा!" सगळ्या ओरडल्या. बाईंनी ते खोडलं. 'सोंगताना सारखी गाणं गुणगुणणारी.' "बुधी! दुसरी कोण?" तेही खोडलं. 'जिच्या नवऱ्याला कमी ऐकू येतं.' यावर इतका हशा झाला की नाव घ्यायचीही गरज पडली नाही. जी जी वाक्यं बाईंनी जिवापाड जपून लिहिली होती, ती ती पडत गेली. डोंगर उतरताना अख्खा अहवाल लाल रेघांनी भरला होता.

पाहणीचं काम सोपवणाऱ्या कॉलेजातल्या दाणी सरांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, चवच घालवलीत. नावं नाहीत ना? बस्स झालं! आहे तसं सोमवारी द्या."

"सोमवारी मिळणार नाही."

"मग दुसऱ्या कुणाला सांगतो."

"सांगा. वही माझ्या ट्रंकेत आहे, आणि ती तिथंच राहील."

दाणी सर चिडले, धुसफुसले. शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत देऊन गप्प झाले. माणूस तसा वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती.

बाईंनी नव्यानं लिहिलं आणि पुन्हा डोंगर चढल्या. या खेपेला पाच जागी ओळखलं. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. गुडघे बोलू लागले होते, तरी तिसऱ्यांदा गेल्या. बाया अंगणात बसल्या. बाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. हौद होता, ऊन होतं, ओकणारी पोरं होती. सगळं खरं होतं. पण मध्ये कुणीही कुणाचं नाव घेतलं नाही.

वाचन संपल्यावर हिरा हळूच म्हणाली, "बाई, हे तू माझंच लिहिलंस."

"तुझं कसं?" बुधी म्हणाली. "माझं आहे."

"दोघींचंही नाही, माझं आहे," फशीबाई म्हणाली.

"फशीबाई, तुमचं पान तर मी फाडलं."

"फाडलंस ना? तरी माझंच आहे."

कुंदाबाईंचे डोळे भरून आले. अहवाल आता झाला, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पिशवीतून वही आणि नावांचा तो कागद काढला आणि सगळ्यांच्या देखत चांगुणाच्या चुलीत घातला.

दिवाळीनंतर अहवाल छापून पंचायतीपुढं वाचला गेला. कितीतरी शेतकऱ्यांना हौदाची गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांच्या माना खाली गेल्या. ठराव झाला, की प्रत्येक शेताच्या बांधावर विहिरीच्या पाण्याचा रांजण ठेवायचा, आणि भर दुपारी टोळीला सावलीत बसू द्यायचं. भरल्या सभेत सगळे रंभाजीकडं बघत होते. त्यानं माघाची वाट पाहिली.

माघात तो वाडीवर आला. एका खिशात बारा सुपाऱ्या, दुसऱ्या खिशात अहवाल. त्यानं बायकांना अंगणात ओळीनं बसवलं आणि म्हणाला, "तुमच्यावर काय छान लिहिलंय, वाचून दाखवतो." त्याचा डाव सोपा होता. वाचायचं आणि चेहरे बघायचे. जिचा चेहरा पडेल, तिची सुपारी खिशातच ठेवायची. चांगुणावर त्याची पहिली नजर होती.

हौदाची ओळ आली. त्यानं ती सावकाश वाचली आणि मान वर केली. बाराही जणी माना डोलवत होत्या. त्यानं तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा बारा माना डोलल्या.

"हे कुणी सांगितलं?"

हिरा म्हणाली, "थांबलात का मुकादम? वाचा की पुढं. बरं लिहिलंय."

रंभाजी पानं उलटीसुलटी करू लागला. "ते गाठीचं कुठाय?"

"कसली गाठ?" चांगुणानं विचारलं.

ते पान त्या पुस्तकात नव्हतंच. रंभाजी उभा राहिला. हौदाचं चांगुणानंच सांगितलं, याची एकही खूण पुस्तकात उरली नव्हती; एकीला गाळावं तर कुणाला, ते कळेना. सगळ्यांना गाळावं तर खाली गहू पिवळा पडत चाललेला. वेळेवर सोंगला नाही तर दाणा झडतो, आणि झडलेला दाणा काही मुकादमाच्या रागाकडं बघत नाही.

तो सुपाऱ्या वाटू लागला. हिराला दिली, बुधीला दिली, फशीबाईला दिली. सगळ्यात शेवटी चांगुणासमोर येऊन थांबला. तिनं सवयीनं डावा हात पुढं केला.

"उजवा," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

चांगुणानं उजवा हात पुढं केला. त्यानं त्यावर सुपारी ठेवली.

फाल्गुनात कुंदाबाई पुन्हा शेतात गेल्या. बांधावर बाभळीखाली रांजण होता आणि चांगुणाची धाकटी त्यातलं पाणी पीत होती. बाईंनी एक पेंढी बांधून चांगुणाला दाखवली. चांगुणानं ती उचलली, आणि पेंढी सुटली.

"बाई, वाडीची गोष्ट पक्की बांधलीस," चांगुणा म्हणाली, "पेंढी मात्र अजून सैलच."

तात्पर्य: नाव झाकल्यानं माणूस झाकला जात नाही. ज्यानं विश्वासानं आपलं दुखणं सांगितलं, त्याला ओळखू देणारी प्रत्येक खूण पुसून टाकणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे, मग त्यापायी स्वतःचं सगळ्यात लाडकं वाक्य खोडावं लागलं तरी बेहत्तर.