टेकाडाचा पहिला घास

एका राज्यात पौषातली एक सकाळ उजाडली ती धुकं घेऊनच. धुकं असं दाट, की बैलाला स्वतःची शिंगं दिसेनात. त्या धुक्यात म्हातारा येसबा धनगर घोंगडी पांघरून टेकाडाच्या कुंपणापाशी उभा होता. घरी त्याची बायको भागा उपाशी निजली होती. आता तिला कूसही बदलवेना.

त्या टेकाडात फार जुनी माणसं पुरलेली होती. नांगर नव्हता, राजा नव्हता, तेव्हाची माणसं. वर दगडांचं रिंगण. नवी ज्वारी आली की गाव पहिला घास रिंगणात ठेवी, मग आपण जेवी. पण लोक तिथले दगड उचलून नेतात, असं राजा विजयकेतूच्या कानी आलं. त्याच्या हुकमावरून मांत्रिकानं मूठभर खिळे पेरले आणि लोखंडी काट्यांचं कुंपण उगवलं. दगड राहिले, पण घास थांबला. तेव्हापासून राज्यात कुणाचाही घास ओठांना लागला की त्याची माती होई.

कुंपणावर टिटवी बसली होती. येसबानं हात जोडले.

"बाई गं, माझी भागा जगंल का?"

टिटवी म्हणाली, "तीन गोष्टी आण. भुईला न शिवलेलं पाणी. भांडण नसलेल्या घरचा विस्तव. आणि ज्यानं दार लावलं, त्याचा हात."

येसबानं घोंगडी बाभळीवर पसरली. धुकं तिच्यात मुरलं. पिळली, तर गाडगं भरलं.

मग तो शेजारी नेमाजीच्या दारी गेला.

"पाखरांशी बोलतोस व्हय, येसबा? भुकेनं डोकं फिरलं तुझं," नेमाजी म्हणाला. "घे विस्तव. आज भांडायलाबी जीव न्हाई आम्हा नवराबायकोत."

तिथून येसबा राजवाड्यात गेला. राजापुढं सोन्याचं ताट होतं, ताटात घास आणि बाजूला थुंकलेली माती.

"राखण केली, हा माझा अपराध?" टिटवीचं बोलणं ऐकून राजानं विचारलं.

"राखलंत ते बरंच केलंत, महाराज. पर दगड राखले आन् आतली माणसं उपाशी ठेवली."

राजा ताटावरून उठला. मग त्यानं जोडे काढले.

धुक्याच्या पाण्यात, नेमाजीच्या विस्तवावर, नव्या ज्वारीच्या कण्या शिजल्या. राजा अनवाणी, हातात घास घेऊन कुंपणापुढं उभा राहिला.

"थोरांनो, आधी तुम्ही," तो म्हणाला.

काट्यांना पानं फुटली, पानांआड बोरं पिकली आणि मधून वाट झाली. राजानं घास रिंगणात ठेवला. आतून, पोट भरलेल्या माणसानं सोडावा, तसा एक सुस्कारा आला.

राजानं तिथंच दवंडी पिटवली: टेकाडाला नांगर लागू नये, कुदळ लागू नये, दगड हलू नये, पण नव्या ज्वारीला वाट मोकळी असावी.

येसबानं घरी येऊन भागाला कण्या भरवल्या. तिनं चावलं, गिळलं आणि आणखी मागितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात कुडापलीकडून नेमाजी ओरडला, "येसबा, जेवाया ये! तुझ्या टिटवीलाबी आण. आमचं भांडण पुन्यांदा सुरू झालंय, दोघांच्या बी अंगात जीव आलाय!"